तडा डोळ्यांनी शोधायचा की एडी करंटने?

छत्रपती संभाजीनगरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टला विमानाच्या पत्र्यातला फटीगचा (पुन्हा पुन्हा ताण येऊन पडणारा) तडा घेतलाय, तर गाडी एका प्रश्नावर अडतेच: तपासणी किती उड्डाणांनी करायची? त्याआधी ती कशाने करणार ते ठरवा: डोळ्यांनी, की एडी करंटने (प्रोबमधल्या कॉइलने धातूत भोवरी प्रवाह निर्माण करायचे आणि त्यांतल्या बदलावरून तडा ओळखायचा). दोन तपासण्यांमधलं अंतर त्यातूनच निघतं.

आणि तास मोजू नका. चिकलठाण्याहून तासाभरात मुंबई गाठणारं विमान असो की सात तास उडणारं, केबिनच्या दाबाचं चक्र उड्डाणामागे एकच.

समजा, तडा 80 मिमीला घातक ठरतो. डोळ्यांना तो 25 मिमीला खात्रीने दिसतो, एडी करंटला 3 मिमीला. तडा दर चक्राला किती वाढतो ते सांगणाऱ्या, पॅरिस या संशोधकाच्या समीकरणात घातांक 3 घ्या (ॲल्युमिनियमला साधारण 3 ते 4 धरतात), ताण कायम ठेवा. 25 वरून 80 ला जायला 10,000 उड्डाणं लागत असतील, तर 3 वरून 80 ला सुमारे 53,000 लागतात. तडा सापडायला निदान दोन संधी हव्यात, म्हणून आकडा निम्मा: डोळ्यांसाठी 5,000, एडी करंटसाठी 26,000.

म्हणजे एडी करंट पाचपट सरस? कागदावर. तिथे प्रत्येक रिव्हेटभोवती प्रोब फिरवायचा, आधी नमुना-तुकड्यावर यंत्र जुळवायचं, माणूसही प्रशिक्षित हवा. टॉर्च घेऊन पाहणाऱ्याला गंज, सैल रिव्हेट, रंगाचे फुगे असं न मागितलेलंही दिसतं. मात्र जोडातल्या आतल्या पत्र्याचं त्याला काहीच कळत नाही.

लॅप जॉइंटला (एकावर एक पत्रे चढवून रिव्हेटांनी केलेला जोड) मी एडी करंटच घेईन, पण 26,000 पूर्ण वापरणार नाही. ताण फक्त 10 टक्के वाढला तरी आयुष्य चतुर्थांशाने घटतं. शिवाय हे गणित एकट्या तड्याचं. 28 एप्रिल 1988 ला अलोहा एअरलाइन्सच्या 737 चं छत हवेत उडालं, तेव्हा त्या विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती आणि शेजारशेजारच्या रिव्हेटांचे बारीक तडे एकमेकांना मिळाले होते. चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसलाही होता. त्या बोलल्या नाहीत.

विषय लँडिंग गिअरचा असेल तर ही तुलना बाजूला ठेवा. त्या अतिशय जास्त ताकदीच्या पोलादात तडा इतका लहान असतानाच घातक होतो की शोधायला वेळच उरत नाही. तिथे ठरावीक संख्येची लँडिंग झाली की भाग बदलतात, तडा असो वा नसो.