आधी किल्ली, मग बाकीचं

माझा धाकटा भाऊ चार वर्षं रस्त्यावर होता. ज्या संस्थेने त्याला घर मिळवून दिलं, तिच्याबद्दल मनापासून लिहितेय. आधीच्या निवाऱ्यात अट होती: दारू सोड, मग खोलीचं बघू. दर वेळी तो पुन्हा बाहेर. इथे उलटं. आधी भाड्याची खोली, करार त्याच्याच नावावर, आणि उपचार त्याच्या मर्जीने. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली 'हाउसिंग फर्स्ट' पद्धत ती हीच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला कागदपत्रांनी. ओळखपत्र हरवलेलं, आणि पत्ता नाही म्हणून नवं मिळेना. कार्यकर्त्या ताई तीनदा त्याच्यासोबत रांगेत उभ्या राहिल्या. तक्रार एकच: मधेच त्या बदलल्या आणि नव्या दादांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. भावाला ते फार जड गेलं.

खोली मिळाल्यावरही महिनाभर तो जमिनीवरच झोपायचा, बूट उशाशी घेऊन. चोरीला जातील ही धास्ती. दादांनी त्यावरून चकार शब्द काढला नाही. दर आठवड्याला येत राहिले, अजूनही येतात. परवा मी गेले तेव्हा बूट दाराशी होते.