सुमात्रा पीडीएफ: झेरॉक्सच्या दुकानातला अनुभव

खानापुरात स्टँडजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर लोक मोबाईलवरून कागद पाठवतात. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, अर्ज मराठीत, मुलांच्या मार्कशीटा इंग्रजीत, आणि बहुतेक सगळं पीडीएफ. आमच्या विंडोज १० वर पीडीएफवर दोनदा क्लिक केलं की ती ब्राउझरमध्ये उघडायची. दहा-पंधरा टॅब साचले की कुणाचा कागद कुठला, हे शोधण्यातच वेळ जायचा.

म्हणून सुमात्रा पीडीएफ हे पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. माझ्या जुन्या ४ जीबीच्या मशीनवरही फाइल लगेच उघडते. ईपब (ई-पुस्तकांच्या) आणि डीजेव्हीयू (स्कॅन केलेल्या कागदांच्या) फाइलीही चालतात, त्यामुळे जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी वेगळं काही लागत नाही. कुठल्या पानावर थांबलो तेही त्याला आठवतं. मला हे फार आवडलं.

नुसतं इन्स्टॉल करून मात्र भागत नाही. फाइलवर राइट क्लिक, मग ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, सुमात्रा निवडा आणि खालच्या ‘ऑलवेज’च्या चौकोनात टिक करा. टिक करायची राहून गेली तर फाइल फक्त त्याच वेळी सुमात्रात उघडते. ही निवड फाइलच्या नावातल्या शेवटच्या अक्षरांवर (जसं .pdf), म्हणजे एक्स्टेन्शनवर ठरते. ईपबसाठी पुन्हा तेच करावं लागतं.

परवा शेजारच्या मामांनाही लावून दिलं. “आता बरं झालं की गं,” म्हणाले. फक्त विंडोजवरच चालतं, एवढी एक अडचण. पाचपैकी साडेचार.