यूएस मिंटकडची अनकट डॉलर शीट घ्यावी का आणि तिला खरी किंमत किती

दोन डॉलरच्या 4 नोटांची अनकट शीट (म्हणजे नोटा सुट्या न कापता जोडलेल्याच असलेला कागद) यूएस मिंटच्या, म्हणजे अमेरिकन सरकारी टांकसाळीच्या, साइटवरून मागवली, आणि वस्तू म्हणून ती मला प्रचंड आवडलीय. छापतो ब्युरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग (अमेरिकेचा सरकारी नोट छापखाना), विकते मिंट. नकली किंवा शोभेची नाही हं, खऱ्या नोटा आहेत, तोच 75 टक्के कॉटन 25 टक्के लिनन कागद, बोट फिरवलं की शाईचा उठाव लागतो. पुढे जेफरसन आणि मागे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं ते चित्र जे 1976 पासून दोनच्या नोटेवर आहे, आणि ते एकाखाली एक जोडून बघताना कोरीवकाम किती बारीक आहे ते पहिल्यांदा नीट दिसतं. सुटी नोट हातात आली की आपण एवढं बघतच नाही. पॅकिंग पण चांगलं, छोटी शीट सपाट फोल्डरमध्ये येते. मोठ्या शीट (32 च्या, एक डॉलरच्या तर 50 च्या पण असतात) नळीत गुंडाळून येतात आणि मग सरळ व्हायचं नावच घेत नाहीत, त्यामुळे भिंतीवर लावायची नसेल तर मोठीच्या भानगडीत पडू नका.

आता मुद्दा किमतीचा, कारण मला ओळखीच्या सगळ्यांनी हेच विचारलं की पुढे याचे किती येतील. स्पष्ट सांगतो, नवीन शीटला फेस व्हॅल्यूच्या (नोटांवर छापलेल्या किमतीच्या) वर थोडंफार मिळतं, बास. माझ्या शीटची फेस व्हॅल्यू 8 डॉलर, मिंट त्यापेक्षा बरेच जास्त घेते आणि तो जास्तीचा पैसा विकताना परत मिळेल असं धरून चालू नका. कारण साधं आहे, 1981 पासून सरकार या शीट लोकांना विकतंय आणि घेणाऱ्यांनी बहुतेक सगळ्या जपूनच ठेवल्यात, खर्च कोण करणार, म्हणजे चांगल्या अवस्थेतला माल बाजारात भरपूर. 1981 सिरीजची (सिरीज म्हणजे नोटेवर छापलेलं वर्ष) एक डॉलरची 32 ची शीटसुद्धा एवढी वर्षं होऊन फार वर गेलेली नाही. जुनी आहे म्हणून महाग हे इथे चालत नाही.

खरी किंमत येते ती त्याच्या आधीच्या शीटना. 1929 सिरीजच्या नॅशनल बँक नोटा (तेव्हा एकेका बँकेच्या नावाने निघणाऱ्या) बँकांना 6-6 च्या शीटमध्ये जायच्या, बँकेने कापून वाटायच्या, त्यामुळे न कापता राहिलेली शीट म्हणजे कुणीतरी बँकवाल्याने आठवण म्हणून ठेवलेली, आणि बँक एखाद्या छोट्या गावातली असेल तर कलेक्टर तुटून पडतात. 1935 सिरीजच्या सिल्व्हर सर्टिफिकेटच्या (चांदीच्या हमीवरच्या जुन्या डॉलर नोटा) 12 आणि 18 नोटांच्या शीट पण तशाच, त्यांना मान आहे. नवीनमध्ये बघायचंच तर स्टार बघा, म्हणजे नंबरच्या शेवटी तारा, खराब झालेल्या नोटांच्या बदली छापतात त्या. आणि अवस्था! एक घडी पडली किंवा मागे चिकटपट्टी लावलेली असली की कलेक्टरच्या लेखी ती शीट संपली.

नंबरांची एक गोष्ट मला फार आवडते. शीटवर शेजारशेजारच्या नोटांचे नंबर ओळीने नसतात, ठरावीक मोठ्या फरकाने असतात, कारण शीटचा गठ्ठा रचून कापतात आणि कापल्यावर प्रत्येक थप्पीत वरून खाली नंबर ओळीने यायला हवेत. म्हणजे 'नंबर सलग नाहीत म्हणून ही एरर शीट (छपाईत चूक झालेली, म्हणून दुर्मिळ)' असं कुणी सांगत असेल तर तिथून निघा. दुसरं म्हणजे बरीच वर्षं चलनात जाणाऱ्या एक डॉलरच्या नोटांचे नंबर 96000000 ला थांबायचे, त्यापुढचे कलेक्टरांच्या शीटना दिले जायचे. याचा उपयोग असा की काही लोक अनकट शीट मुद्दाम तिरकी कापतात आणि 'मिसकट एरर' म्हणून भरमसाठ किमतीला विकतात. नंबर 99 ने सुरू होत असेल तर ती नोट शीटमधून कापलेली असण्याचीच शक्यता जास्त, दमडी जास्त देऊ नका. हे बघून मला खरंच राग येतो, नवीन कलेक्टर यातच फसतात आणि मग छंदच सोडून देतात.

ऑनलाइन विकणारे याच मिंटच्या शीट 'अतिदुर्मिळ' लिहून दुप्पट तिप्पट लावतात, सोबत सर्टिफिकेट आणि चकचकीत फ्रेम, त्या सर्टिफिकेटला काही अर्थ नाही. मागितलेली किंमत बघूच नका, विकली गेलेली किंमत बघा, इबेवर सोल्ड फिल्टर आहे आणि हेरिटेज ऑक्शन्सच्या साइटवर जुन्या लिलावांचे निकाल मिळतात. सिरीज, किती नोटांची शीट, स्टार आहे का, अवस्था, हे चारही जुळवून मग आकडा धरा, नुसतं 'अनकट शीट' टाकून सर्च केलं तर काहीही आकडे दिसतील.

भारतातल्या नोटांचं असं काही मिळेल का म्हणून पण विचारणा झाली. छापखाना आपल्या नाशिक रोडलाच आहे पण तिथून लोकांना अशा शीट विकत मिळत नाहीत, त्यामुळे पुण्यातल्या मामांना हीच भेट दिली आणि ते जाम खूश आहेत.

तर भेट म्हणून किंवा स्वतःला बघायला 4 ची शीट जरूर घ्या, पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो किमतीसाठी. फ्रेम करायची तर फ्रेमवाल्याला आधीच बजावा की मागे गोंद लावायचा नाही, ॲसिड फ्री माउंट आणि यूव्हीवाली काच घ्या, आणि मिंटचा मूळ फोल्डर टाकून देऊ नका.