डीएसपी, एलपीओ, सीपीओ की आरशांचा स्विच?

डेटा सेंटरच्या चालू नेटवर्क स्विचमधून ८००जीचं (सेकंदाला ८०० गिगाबिट) ऑप्टिकल मॉड्यूल, म्हणजे विजेचा सिग्नल आणि प्रकाश यांची अदलाबदल करणारा भाग, ओढून बाहेर काढा, बोटांना चटका बसतो. ती उष्णता तुमच्या वीजबिलातलीच. तिला बाहेर घालवायला कूलिंगचा खर्च वेगळा. ५१.२ टेराबिटच्या स्विचला अशी ६४ मॉड्यूल्स लागतात. एकेक १५ वॅटचं धरलं तर नुसत्या ऑप्टिक्सला ९६० वॅट! यातला मोठा वाटा सिग्नल दुरुस्त करणारी डीएसपी चिप खाते.

एलपीओमध्ये (लिनिअर प्लगेबल ऑप्टिक्स) ही चिपच नसते. तिचं काम स्विचच्या चिपवर येतं, मॉड्यूलची वीज जवळपास निम्म्यावर येते आणि लेटन्सीही (सिग्नलला होणारा उशीर) घटते. मात्र स्विच, मॉड्यूल आणि पलीकडचं टोक यांचं नीट जुळावं लागतं. चार कंपन्यांचा माल एकत्र वापरणाऱ्यांना इथेच डोकेदुखी होते.

सीपीओमध्ये (को-पॅकेज्ड ऑप्टिक्स) ऑप्टिक्स थेट स्विच चिपच्या शेजारी, एकाच पॅकेजवर बसतं. ब्रॉडकॉम आपल्या बेली स्विचसाठी दर ८००जीला ५.५ वॅट सांगते. आकडा मोहात पाडणारा आहे. पण प्लगेबल (ओढून काढता येणारं) मॉड्यूल बिघडलं तर रात्री दोन वाजता ड्युटीवरचा मुलगा मिनिटभरात बदलतो. सीपीओत लेझर बाहेरून बदलता येतो, आतलं ऑप्टिक्स गेलं तर जागेवर काहीच करता येत नाही.

गूगलची वाट निराळी. आपल्या डेटा सेंटरच्या ज्युपिटर नेटवर्कमधला स्पाइनचा, म्हणजे खालच्या स्विचना एकमेकांशी जोडणारा वरचा थर काढून तिथे सूक्ष्म आरशांनी प्रकाश वळवणारे स्विच बसवले. २०२२च्या त्यांच्या शोधनिबंधात ४१ टक्के कमी वीज आणि ३० टक्के कमी भांडवली खर्च दिला आहे. प्रकाशाची वीज करावीच लागत नाही, म्हणून पालोमार हा त्यांचा १३६ पोर्टचा आरशांचा स्विच जास्तीत जास्त १०८ वॅट घेतो, आणि लिंकचा वेग वाढला तरी तोच चालतो. पण आरसे वळायला मिलिसेकंद लागतात. पॅकेटगणिक (डेटाच्या प्रत्येक तुकड्यागणिक) वाट बदलता येत नाही. ट्रॅफिकचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर आणि ते सांभाळणारी टीम हवी.

ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरचे दोन-तीन हॉल उभारणाऱ्याला मी आरसे आणि सीपीओ सुचवणार नाही. सीपीओ हजारो जीपीयूंच्या क्लस्टरला शोभतं. रॅकच्या आत दोन मीटरपर्यंत तांब्याची डॅक केबल वापरा, ती वीज जवळजवळ घेतच नाही. हॉलमधल्या लीफ-स्पाइनला (रॅकचे स्विच ते वरचे स्विच) एलपीओ, इमारतींमधल्या लांब अंतराला डीएसपी. ऑर्डर देण्याआधी एलपीओची दहा मॉड्यूल्स आपल्याच स्विचवर आठवडाभर पूर्ण लोडने चालवा आणि एरर करेक्शनच्या आधीचा बिट एरर रेट (चुकलेल्या बिट्सचं प्रमाण) रोज लिहून ठेवा. हॉल तापल्यावर तो चढत गेला, तर त्या लिंकांना डीएसपीच घ्या.