विद्यार्थी-उपग्रह प्रकल्प व्यवस्थापन वर्ग, वडोदरा : अभिप्राय

दांडिया बाजारातील एका खासगी प्रशिक्षण केंद्राच्या या दोन दिवसांच्या मराठी वर्गाला मी आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसह उपस्थित होतो. पदवी चार वर्षांत संपते, उपग्रह मात्र त्या मुदतीत पुरा होत नाही, हाच प्रश्न शिक्षकांनी केंद्रस्थानी ठेवला, आणि ते अगदी योग्य होते. मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा उपग्रह २००७ मध्ये हाती घेतला गेला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३५ या प्रक्षेपकातून (रॉकेटमधून) कक्षेत पोहोचला. तोवर आरंभ करणारे विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. म्हणूनच प्रत्येक निर्णय त्याच्या कारणासह, फसलेल्या चाचण्यांसकट, नोंदवून ठेवणे आणि जाणाऱ्याने किमान एक सत्र नवागताबरोबर काम करणे, यावर दिलेला भर मला फार मोलाचा वाटला. नमुना नोंदवही उत्तम आहे.

रेडिओ वारंवारतेचा समन्वय व परवाना, म्हणजे उपग्रहाने जमिनीशी कोणत्या रेडिओ लहरींवर बोलायचे ते इतरांना अडथळा न होता ठरवून त्याची परवानगी घेणे, हा विषय मात्र अर्ध्या तासात उरकला, याची खंत वाटते. तो अर्ज वेळेवर न केल्यास तयार उपग्रहही जमिनीवरच अडकून राहतो. शुल्क वाजवी आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना येथे अवश्य पाठवावे.