नगरपालिकेतलं तिसरं रजिस्टर

आईचं पहिलं बाळ उपजतच गेलेलं. १९७४ साल, नागपंचमीचा दुसरा दिवस, बाळंतपण माहेरी, सुईणीच्या हातून. मुलगा होता की मुलगी, हे आईला कुणी सांगितलंच नाही. तिनं विचारलं तेव्हा आबा, म्हणजे तिचे वडील, "आता कशाला" एवढंच म्हणाले. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली तेव्हा ती जागा रिकामी सोडवेना, म्हणून आजोळच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात गेले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. खिडकीवरच्या मुलानं जन्माचं रजिस्टर चाळलं, मग मृत्यूचं, आणि "बाळ जगलंच नाही तर नोंद कुठली, मॅडम?" म्हणत अर्ज परत दिला. असं कुणालाच ऐकवू नये, आणि ते खरंही नाही. १९६९ च्या नोंदणी कायद्यात जन्म म्हणजे जिवंत जन्म किंवा मृतजन्म, असं सरळ लिहिलेलं आहे. २८ आठवडे भरल्यावर बाळ मृत जन्मलं, तर त्याची नोंद करावीच लागते. फक्त तिचं रजिस्टर वेगळं असतं, तिसरं.

तिसऱ्या खेपेला टेबलावर एक वयस्कर बाई होत्या. "उपजत मृत ना? बसा तुम्ही," म्हणत आत गेल्या आणि कापडी पाठीचं एक बारीकसं रजिस्टर घेऊन आल्या. या नोंदीत बाळाच्या नावाचा रकानाच नसतो. आईवडिलांची नावं, तारीख आणि ठिकाण यांवरूनच शोधावं लागतं. माझ्याकडे तारीख नव्हती, नुसती नागपंचमी. बाईंनी मोबाईलवर त्या सालचं पंचांग काढलं, जुलैअखेर धरून पानं बघितली. काही नाही. "लोक सांगायला उशिरा येतात, पुढचा महिना बघू," म्हणाल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या पानावर आईचं नाव होतं. लिंग: स्त्री. खबर देणाऱ्याच्या रकान्यात आबांची सही, निळ्या शाईची, शेवटच्या अक्षराखाली ओढलेली तीच लांब रेघ.

फोटो काढू दिला नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, बाई एकेक शब्द वाचून दाखवत होत्या.

पाचपैकी तीन तारे देते, तेही त्या बाईंमुळे. बाहेरच्या पाटीवर 'जन्म' आणि 'मृत्यू' एवढंच लिहिलंय, तिथे 'मृतजन्म' हा एक शब्द घालायला हवा. तुम्ही जाणार असाल तर अर्जातच 'मृतजन्म नोंदवही' असं लिहा, आणि सांगितलेल्या तारखेच्या पुढचा महिनाही बघायला लावा.

घरी आल्यावर आईनं ते पान दोनदा वाचायला लावलं. मुलगी होती हे ऐकून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा स्वतः गेले होते?"