बिघडलेलं उपकरण: दुरुस्त करावं, कुणाला द्यावं की मोडीत काढावं?

"हात लावला की जरा झिणझिण्या येतात, पण चालतंय ना!" असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा उपकरणाचा प्लग आधी काढा, पुढचं मग ठरवू. वस्तू किती वर्षांची आहे यापेक्षा बिघाड कुठे आहे, यावर हा निर्णय अवलंबून असतो.

वायर, प्लग, स्विच किंवा थर्मोस्टॅट गेला असेल तर दुरुस्तीच करावी. इस्त्रीची वायर बहुतेक वेळा मुठीपाशी जाते. तिथे ती रोज वाकते, आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि उरलेल्या चारदोन तारांवर सगळा भार येऊन ती जागा तापते. वायर हलवली की दिवा लुकलुकतो, ती हीच खूण. वरून टेप गुंडाळून भागत नाही, अख्खी वायर बदलावी लागते. गिझरचं एलिमेंट बदलता येतं, पण टाकीच गळत असेल तर त्यात पैसे घालू नयेत. मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

दुरुस्तीनंतरही अर्थिंग तपासून घ्या. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवतो. माणसाला वाचवायला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लागतो.

दुसऱ्याला द्यायचं असेल तर माझा एकच निकष आहे: ते मी स्वतः निर्धास्तपणे वापरेन का? झिणझिण्या येणारी वस्तू फुकट देणं म्हणजे धोका दुसऱ्याच्या घरी पाठवणं.

उरली मोड. भंगारवाला दारात येतो, चार पैसेही देतो. अधिकृत ई-कचरा केंद्रात बहुधा आपणच वस्तू पोचवायची आणि हातात फारसं काही पडत नाही. तरी फ्रिज, एसी, जुना काचेच्या नळीचा टीव्ही आणि बॅटरीची उपकरणं मी केंद्रातच देईन. फ्रिजची नळी नुसती कापली की गॅस हवेत जातो. काही फ्रिजमधला आर-134ए हा गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो, तर काहींमधला आर-600ए ज्वलनशील असतो. टीव्हीच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी वायरी जाळल्या की पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. पंखा किंवा मिक्सर भंगारात देणं त्या मानाने कमी घातक, पण वायरी जाळत नाही अशाच माणसाला द्या.

लिथियम बॅटरी सहज निघत असेल तर काढून तिच्या टोकांना टेप लावा आणि वेगळी द्या; कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. फ्रिज बाहेर ठेवण्याआधी दार काढून टाका, खेळता खेळता मुलं आत अडकतात. आणि मोडीत काढलेल्या प्रत्येक उपकरणाचा प्लग आधी सॉकेटमधून काढून मग वायर अगदी बुडापासून कापा, म्हणजे ते उचलून नेणारा कुणी "बघू चालतंय का" म्हणून लावून पाहणार नाही.